आठचं पाणी

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी समुद्र आहे. 75 गॅलनांचा, म्हणजे साधारण 284 लिटरांचा. न्यू जर्सीत, एडिसनला घर घेतलं तेव्हा मी परसात मेथी लावली आणि नवऱ्यानं आत समुद्र मांडला. मेथी महिन्याभरात खाऊन झाली. समुद्राला सहावं वर्ष चालू आहे.

माहेरी फोनवर मी "मासे पाळलेत" एवढंच सांगते. मासे पाचच आहेत, बाकी सगळा पसारा पोवळ्यांचा. लांबून दगड वाटतो, झुडूप वाटतं, पण तो प्राणी असतो, शेकडो बारीक तोंडांचा. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून तो स्वतःचं चुनखडीचं घर बांधत राहतो. खऱ्या समुद्राला हा माल पुरवायची चिंता नसते. चार फुटांच्या काचेत मात्र बांधकाम जोरात चाललं की माल संपतो, मग तो बाटलीतून घालावा लागतो, आणि किती घालायचा हे कळायला पाणी तपासावं लागतं.

तपासायचं तरी किती! खारटपणा हजारात 35, कॅल्शियम 420च्या आसपास, मॅग्नेशियम 1300, शिवाय नायट्रेट, फॉस्फेट, पीएच. या सगळ्यांत चंचल ती अल्कलिनिटी. पाण्यात आम्ल पडलं तर ते पचवायची पाण्याची ताकद म्हणजे अल्कलिनिटी. डीकेएच नावाच्या मापात ती मोजतात. समुद्रात ती सातच्या आसपास असते, घरच्या टाकीत लोक आठ-नऊ ठेवतात. मला हे सगळं पाठ आहे, कारण इतकी वर्षं दर रविवारी मी ते ऐकते आहे.

या तपासण्यांच्या किटांनी आमच्या चपलांच्या कपाटाचा वरचा खण कधीच बळकावला. सुरुवातीला रंगतक्तेवाली किटं होती. नळीत पाणी घ्या, थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि आलेला रंग कागदावरच्या रंगांशी जुळवा. जुळवायला अर्थातच मला हाक. "हा गुलाबी की तो गुलाबी?" मी म्हणायची, "हा अबोली आहे, तुझ्या कागदावर अबोली नाहीच. कागदावर राणी आहे आणि डाळिंबी आहे." त्यात तो नळी धरायचा टाकीच्या निळ्या दिव्याखाली. त्या उजेडात तर माझी पैठणीसुद्धा जांभळी दिसेल.

एकदा तर तीन महिने नायट्रेट शून्य येत होतं. कागदावर शून्य, आणि टाकीत दगडांवर हिरवं शेवाळ केसांसारखं डुलतंय. शेवटी माहितीपत्रक परत वाचल्यावर कळलं की दुसऱ्या नंबरची बाटली वापरण्याआधी तीस सेकंद जोरात हलवायची असते. आतलं औषध तळाशी बसतं, नुसतं वरचं पाणी पडलं तर रंगच येत नाही. बाटली हलवली आणि त्या दिवशी नळीत डाळिंबी आला. मी म्हटलं, "टाकी सांगत होती की." तो म्हणाला, "पण किट शून्य म्हणत होतं." हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं.

गेल्या नोव्हेंबरात सासूबाई आल्या. आई मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं तंत्रज्ञ होत्या. रक्त, लघवी, साखर, युरिया. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी चहा गाळतानाही कप डोळ्यांच्या पातळीला आणून बघतात. पहिले दोन आठवडे त्या टाकीसमोर बसून स्वेटर विणत होत्या. "छान आहे रे," एवढंच म्हणाल्या. मुलाच्या छंदात नाक खुपसायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, आणि टाकीचा पीएच उतरायला लागला. 8.2 वरून 7.8. यात टाकीचा दोष नव्हता. बंद घरात माणसं श्वास सोडतात, गॅस पेटतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. त्यात आई आलेल्या, म्हणजे घरात एक माणूस जास्त आणि रोज दोन वेळा भाकरी. "आई, तुझ्या भाकऱ्यांनी माझा पीएच पडला," असं तो थट्टेनं म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं. एखाद्या उबदार दुपारी दोन तास खिडकी उघडली असती तरी काम झालं असतं. त्यानं बफरची पूड आणली. रोज रात्री चमचाभर घालायचा. दोन तास पीएच वर जायचा, सकाळी परत खाली. मग पुन्हा चमचा.

बफरनं पीएच टिकत नाही, पण अल्कलिनिटी चढते, आणि चढलेली लगेच उतरत नाही. ही गोष्ट नवऱ्याला माहीत नव्हती असं नाही. म्हणून तर तो दर दोन दिवसांनी अल्कलिनिटी मोजत होता. तीन वर्षांपासूनच्या थेंबांच्या किटनं. नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत जायचं, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. जितके थेंब तितकी अल्कलिनिटी. आठ थेंब. नेहमी आठ.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फांद्यांच्या पोवळ्यांची, त्या अक्रोपोरांची, टोकं पांढरी पडायला लागली. वाढीची टोकं फिकट असतातच. ही तशी नव्हती. मेणबत्तीची वात जळून जावी तशी वरची साल गेली होती आणि खालचं हाड दिसत होतं.

मग खणात दोन नवी किटं आली. एक सिरिंजचं. त्यातही रंग बदलेपर्यंत आम्ल घालायचं असतं, फक्त थेंबाऐवजी बारीक रेघांच्या सिरिंजनं, म्हणजे दहाव्या हिश्श्यापर्यंत वाचता येतं. दुसरं छोटं विजेचं यंत्र. काचेची कुपी आत ठेवायची, बटण दाबायचं, आकडा दिसतो. डोळ्यांचा प्रश्नच नाही, अबोली नाही नि डाळिंबी नाही. दोन्ही चांगली, नावाजलेली.

त्या रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. ओट्यावर तिन्ही किटं मांडलेली, मध्ये नवरा, आणि दारात शाल गुंडाळून आई.

"किती आलं?"

"कुठल्या किटवर?"

"म्हणजे?"

"थेंबांवर आठ. सिरिंजवर 10.8. यंत्रावर एकदा 9.6, एकदा 11.3."

"मग तू कुठलं धरलंस?"

"आठवालं."

"का रे?"

"ते जुनं आहे. हाताला बसलंय. नव्यांची सवय व्हायला वेळ लागेल. आणि यंत्र तर स्वतःशीच भांडतंय."

आई ओट्यापाशी आल्या. थेंबांची बाटली उचलून दिव्याकडे धरली, झाकण फिरवून बघितलं. मग अगदी सहज विचारलं, "बाळू, तुला आठ हवं होतं का?"

नवरा काही बोलला नाही. फ्रिज घरघरत होता.

"बरं, तुझा कंट्रोल कुठाय?"

"कसला कंट्रोल?"

आईंच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी ओळखते. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी आमटीला फोडणी न देता कोकम घातलं होतं तेव्हाही असाच होता. "उत्तर आधीच माहीत असलेलं पाणी," त्या म्हणाल्या. "सकाळी प्रयोगशाळा उघडली की पेशंटचं रक्त हातात घ्यायच्या आधी आम्ही तो चालवायचो. त्याची साखर किती ते बाटलीवर छापलेलं असतं. मशीननं तेवढी सांगितली तर मग पेशंट. नाही सांगितली तर बाहेर कितीही रांग असू दे. झोप आता. उद्या करू."

दुसऱ्या दिवशी शनिवार. आईंनी माझ्याकडून खायचा सोडा मागून घेतला. डब्यावरचं नाव दोनदा वाचलं, कारण शेजारीच बेकिंग पावडर होती आणि तिनं सगळा हिशोब बिघडला असता. एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी गणित मांडलं. सोड्याचा रेणुभार 84. 24 ग्रॅम सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवला की अल्कलिनिटी होते 800. त्यातलं 100 मिली घेऊन परत एक लिटर केलं की 80. त्यातलं 100 मिली घेऊन पुन्हा एक लिटर की आठ. आठ म्हणजे आठच. दोनदा पातळ करायची भानगड कशाला, असं मी विचारलं. "तुझ्या वजनकाट्याला 24 ग्रॅम कळतात, पाव ग्रॅम कळत नाही," त्या म्हणाल्या. मोजपात्रात पाणी भरताना त्या गुडघे वाकवून ओट्याच्या पातळीला गेल्या, पाण्याची खोलगट रेघ खुणेला टेकेपर्यंत एकेक थेंब सोडत राहिल्या. संधिवात आहे त्यांना. उठताना मी हात दिला.

बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यांनी लिहिलं: आठ. खाली तारीख.

मग ते आठचं पाणी तिन्ही किटांना पाजलं.

थेंबांच्या किटला सहाच थेंब लागले आणि पिवळं. परत केलं, परत सहा. आईंनी बाटलीचं झाकण दाखवलं, त्याची कड चिरली होती. तीन वर्षांत आतलं पाणी थोडंथोडं उडून गेलं, आम्ल घट्ट होत गेलं, म्हणून कमी थेंब पुरायला लागले. किट रोज थोडं थोडं खाली वाचत होतं आणि नवरा रोज थोडा थोडा बफर घालत होता. टाकीतली अल्कलिनिटी चढत गेली, किट उतरत गेलं, आणि दोघांची बेरीज नेमकी आठवर टिकून राहिली. हे मला आजही एखाद्या चोख अफरातफरीसारखं वाटतं.

सिरिंजनं 8.1 दिलं. फक्त सिरिंज भरताना टोकाशी बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि शेवटाजवळ आलं की घाई करायची नाही, असं आईंनी दोनदा करून दाखवलं.

यंत्रानं आधी 7.3, मग 8.9. "वाटलंच होतं," नवरा म्हणाला, "हे परत पाठवतो." आईंनी कुपी उजेडात धरली. काचेवर अंगठ्याचा ठसा, अगदी आधार कार्डाला चालेल असा. यंत्र कुपीतून उजेड सोडून किती पलीकडे पोचतो ते मोजतं, ठसा असला की तोही मोजला जातो. मऊ फडक्यानं पुसून, कुपीवरची खूण दर वेळी पुढच्याच बाजूला ठेवून परत केलं. 7.9. पुन्हा 8. पुन्हा 8.

म्हणजे टाकीत पाणी पावणेअकराच्या घरातलं होतं. वर फॉस्फेट शोषणारी पूड जोरात चालू, म्हणजे पोवळ्यांना खायला फारसं नाही आणि बांधायचा माल मात्र डोक्यावरून. टोकं जळणार नाहीत तर काय.

नवरा बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, "सिरिंजवर 10.8 आलं होतं. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा 10.8. आणि मी सिरिंजच खोटी धरली."

आईंनी विणकाम हातात घेतलं होतं. एक ओळ संपवून त्या बोलल्या. ही गोष्ट त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच सांगितली, आणि मला वाटतं मुलालाही ती नवीनच होती.

"रुग्णालयात लागून मला सहावं वर्ष होतं. साखरेची तपासणी तेव्हा आम्ही हातानं करायचो, औषध घातलं की गुलाबी रंग यायचा. एका सोमवारी सकाळी कंट्रोल खाली आला. परत केला, परत खाली. बाहेर साठ-सत्तर माणसं उपाशीपोटी बसलेली. वॉर्डातून फोनवर फोन. मी तिसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा तो रेघेच्या आत बसला, जेमतेम. मी वहीत तेवढाच लिहिला. आधीचे दोन लिहिलेच नाहीत."

"मग?"

"रविवारी कुणीतरी औषध फ्रिजबाहेर ठेवलं होतं. ते अर्धं मेलेलं. त्या दिवशीच्या सगळ्या साखरा खऱ्यापेक्षा कमी गेल्या. मंगळवारी साहेबांच्या लक्षात आलं. ज्यांचे पत्ते होते त्यांना चिठ्ठ्या पाठवल्या. बरेचसे परत आले. एक गिरणी कामगार होता, त्याला आम्ही 'तुम्हांला काही नाही' म्हणून घरी पाठवलं होतं. तो आला नाही."

"मग काय झालं त्याचं?"

"कुठून कळणार? आला नाही." सुईवरचे टाके त्यांनी मोजले. "वहीत त्या दिवशीचा कंट्रोल अजून बरोबर आहे. कुणीही काढून बघावं."

त्यानंतर घरात बोलणं फार झालं नाही. नवऱ्याचं पहिलं मन होतं की सगळं पाणी बदलून एका दिवसात आठवर आणावं. आईंनी नको म्हटलं. चढायला जितके दिवस लागले त्याहून जास्त उतरायला द्यायचे. बफर बंद केला, फॉस्फेटची पूड निम्मी केली, रोज दुपारी दोन तास मागची खिडकी उघडी ठेवली. मी आणि आई तेवढा वेळ शाली पांघरून बसायचो. पीएच आपोआप 8.1 ला आला. अल्कलिनिटी पोवळ्यांनी स्वतःच खाऊन उतरवली, तीन आठवडे लागले. दोन अक्रोपोरा गेले. उरलेल्यांच्या जळक्या टोकांवर आधी शेवाळ धरलं, मग फेब्रुवारीत त्याच्याच कडेनं जांभळी साल वर सरकायला लागली. भिंगातून बघितली मी, नखाच्या कडेएवढी.

या काळात नवऱ्यानं विचारलं होतं, "मग आता यातलं कुठलं ठेवू?" त्याला वाटलं आई यंत्र म्हणतील, कारण ते सगळ्यांत महाग. आई म्हणाल्या, "दोन्ही आठला आठ म्हणतात. रविवारी रात्री कंटाळा आला असताना तू कुठलं करशील?" त्यानं सिरिंज ठेवली. यंत्र चांगल्या अवस्थेत होतं, एका मित्राच्या नव्या टाकीकडे गेलं, सोबत मऊ फडकं देऊन. आणि थेंबांची बाटली आईंनी टाकू दिली नाही. तिच्यावर लाल पेनानं फुली मारली आणि नातीला निळ्याचं पिवळं कसं होतं ते दाखवायला तिच्याकडे दिली. ती आता भातुकलीत "डॉक्टर, तुमची साखर" करते.

मार्चमध्ये जायच्या आधी आईंनी फ्रिजवर आलेखाचा कागद लावला. मध्ये आठची रेघ. त्या आधी त्यांनी मुलाकडून आठचं पाणी वीस दिवस रोज मोजून घेतलं होतं, आणि त्या वीस आकड्यांवरून मधल्या रेघेच्या वर-खाली दोन-दोन रेघा काढल्या. मी नंतर शोधलं, या कागदाला वंशावळ आहे. वॉल्टर शेवार्ट नावाच्या माणसानं 1924 साली टेलिफोनच्या कारखान्यातल्या मालासाठी असा तक्ता काढला, 1950 साली लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी तो रक्ताच्या प्रयोगशाळेत आणला. तिथून तो मुंबईत आईंच्या टेबलावर आला आणि आता एडिसनला आमच्या फ्रिजवर, दूधवाल्याच्या नव्हे तर पोवळ्यांच्या हिशोबाला. टाकीचं पाणी मोजायच्या आधी आठवड्यातून एकदा आठचं पाणी मोजायचं आणि एक टिंब द्यायचं, एवढंच काम. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली आणि त्याला सांगितलं, "सोड्याची बाटली घट्ट लाव."

एप्रिलच्या एका रविवारी रात्री जेवण आटपून मी आईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, त्या तुळशीला पाणी घालत होत्या. मागे ओट्यापाशी नवरा सिरिंज घेऊन उभा.

"काय रे, झालं का?" त्यांनी तिकडून विचारलं.

"झालं. आठ."

आईंनी तांब्या खाली ठेवला. "किती वेळा केलास?"

तो काही क्षण फ्रिजकडे बघत राहिला.

"दोनदा. पहिल्यांदा 8.7 आला होता. रेघेच्या बाहेर. बुडबुडा राहिला असेल."

"असेल. कागदावर काय दिलंस?"

"अजून दिलं नाही."

"मग दोन्ही दे," आई म्हणाल्या, आणि तांब्या उचलून तुळशीकडे वळल्या. त्यानं फ्रिजवरचं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि आधी वरचं टिंब दिलं.